किडनी जिची गेली, तिलाच आरोपी करणारा कायदा

मार्च २०२२ मध्ये पुण्यात किडनी प्रत्यारोपणाच्या दोन शस्त्रक्रिया झाल्या. कागदोपत्री तो 'स्वॅप'चा प्रकार होता. एका घरात पुरुष आजारी, त्याची 'पत्नी' किडनी द्यायला तयार, पण जुळत नाही. दुसऱ्या घरात तरुण मुलगी आजारी, आई तयार, पण तिथंही जुळत नाही. मग पहिल्या घरातल्या बाईची किडनी त्या मुलीला आणि मुलीच्या आईची या पुरुषाला. कायद्याला हे मंजूर आहे, २०११ च्या दुरुस्तीनं तशी सोयच करून दिली. शस्त्रक्रिया पार पडल्या आणि थोड्याच दिवसांत पहिल्या घरातल्या 'पत्नी'नं सांगितलं की मी या माणसाची बायको नाहीच. मी कोल्हापूरची. मला पंधरा लाख कबूल केले होते, ते मिळाले नाहीत.

पुढचं पुणेकरांनी वर्तमानपत्रांत वाचलंच आहे. आरोग्य खात्याच्या तक्रारीवरून कोरेगाव पार्क पोलिसांत गुन्हा दाखल झाला. त्यात पंधरा जणांची नावं होती. रुग्ण, त्याच्या घरचे, मध्यस्थ, रुग्णालयातली मंडळी. आणि ती बाईही. तीन वर्षांनी, २०२५ मध्ये, ज्या प्राधिकार समितीकडून या प्रत्यारोपणाला मंजुरी मिळाली होती तिच्या तत्कालीन अध्यक्षांना, म्हणजे ससूनच्या एका माजी अधीक्षकांना, याच गुन्ह्यात अटक झाली. दोषी कोण आणि कोण नाही, ते न्यायालय बघेल. त्या खटल्याविषयी मला काही म्हणायचं नाही. मला म्हणायचंय ते त्या पंधरा नावांतल्या एका नावाविषयी.

मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्याचं कलम १९ वाचायला सोपं आहे. अवयवासाठी पैसे देणारा, पैसे घेणारा, पैशांवर अवयव द्यायला तयार असलेला माणूस शोधणारा, व्यवहार जुळवणारा, जाहिरात करणारा, सगळे एकाच रांगेत. शिक्षा किमान पाच वर्षं, जास्तीत जास्त दहा. दंड किमान वीस लाख, जास्तीत जास्त एक कोटी. १९९४ च्या मूळ कायद्यात दोन ते सात वर्षं कैद आणि दहा ते वीस हजार रुपये दंड होता. २०११ च्या दुरुस्तीनं तो वाढवला, आणि ही वाढ जानेवारी २०१४ पासून लागू झाली. वाढवायलाच हवा होता. वीस हजार म्हणजे दलालाचा जाण्यायेण्याचा खर्च. पण हे ओझं रांगेतल्या कुणाच्या डोक्यावर किती पडतंय, याचा हिशेब झाला नाही. पंधरा लाखांच्या आशेनं पोट फाडून घेणाऱ्या बाईला हा कायदा किमान वीस लाखांचा दंड सांगतो. न मिळालेल्या किमतीपेक्षा दंड मोठा.

कायदा कडक करा, फाशी द्या, रुग्णालयांना टाळं ठोका, अशा प्रतिक्रिया अशा प्रत्येक बातमीखाली येतात. कडकपणा कमी पडतोय असं मला वाटत नाही. या गुन्ह्यात जिचं सगळ्यात जास्त नुकसान होतं, जिला सगळं माहीत असतं आणि जिला बोलण्याची गरजही सगळ्यात जास्त असते, तिचं तोंड कायद्यानंच बंद केलंय. दलालाला वेगळी धमकी शोधावी लागत नाही. 'बोललीस तर तूही आत जाशील' एवढं म्हटलं की पुरतं, आणि ते खोटंही नसतं.

चोरी झाली की ज्याचं गेलं तो चौकीत जातो. इथं रुग्णाला किडनी मिळालेली असते, मध्यस्थाला वाटा मिळालेला असतो, रुग्णालयाचं बिल भरलेलं असतं, समितीची फाईल बंद झालेली असते. आपल्याकडे ही प्रकरणं उघडकीस कशी आली ते पाहा. पुण्यात पैसे बुडवले म्हणून. २०१५ मध्ये अकोल्यात सावकाराच्या जाळ्यात सापडलेल्या कर्जदारांनी तोंड उघडलं आणि श्रीलंकेपर्यंतचा धागा सापडला. २०१६ मध्ये पवईच्या एका रुग्णालयात बनावट पत्नीची शस्त्रक्रिया ऐन वेळी थांबली, ती बाहेरच्या माणसानं दिलेल्या खबरीमुळे. म्हणजे कुठंतरी व्यवहार फिसकटला किंवा तिऱ्हाइताला सुगावा लागला, की आपल्याला कळतं. जिथं दलालानं शब्द पाळला, ठरलेली रक्कम ठरल्या दिवशी पोचवली, ते प्रकरण आपल्यापर्यंत येतच नाही. आपण पकडतो ते या धंद्यातले कच्चे खेळाडू.

ज्या वर्षी पुण्यातलं प्रकरण बाहेर आलं, त्याच वर्षी मे महिन्यात लंडनजवळच्या स्टेन्स इथल्या पोलीस ठाण्यात एक नायजेरियन तरुण चालत आला. लागोसच्या रस्त्यावर किरकोळ विक्री करणारा पोरगा. नायजेरियाच्या सिनेटचे माजी उपाध्यक्ष आइक एक्वेरेमाडू यांच्या आजारी मुलीला किडनी देण्यासाठी त्याला ब्रिटनमध्ये आणलं होतं आणि रॉयल फ्री रुग्णालयात मुलीचा चुलतभाऊ म्हणून उभं केलं होतं. तिथल्या डॉक्टरांना तो दाता म्हणून योग्य वाटला नाही आणि त्यांनी नकार दिला. मग तो पळाला आणि थेट पोलिसांत गेला. मे २०२३ मध्ये एक्वेरेमाडू यांना नऊ वर्षं आठ महिन्यांची शिक्षा झाली, त्यांच्या पत्नीला आणि मध्यस्थी करणाऱ्या डॉक्टरलाही तुरुंगवास झाला. अवयवाचे पैसे घेणं ब्रिटनच्या कायद्यातही गुन्हाच आहे. पण सरकारी वकिलांनी खटला आधुनिक गुलामगिरीविरोधी कायद्याखाली भरला आणि तो तरुण पीडित साक्षीदार म्हणून न्यायालयापुढे आला. आता फरक मोजा. तो पोलिसांत गेला आणि पीडित ठरला. आपल्याकडची बोलली आणि आरोपी झाली. पुण्यात पुढची बाई बोलेल का?

असं करायला आपल्याकडे कायदाच नाही, असंही नाही. भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ मानवी तस्करीचं आहे. शोषणाच्या व्याख्येत सक्तीनं अवयव काढून घेणं स्पष्ट लिहिलंय. फसवणूक आणि आमिष ही तस्करीची साधनं मानली आहेत आणि पीडिताची संमती होती की नव्हती हा मुद्दा गैरलागू ठरवलाय. हेच आधी २०१३ पासून भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० मध्ये होतं. म्हणजे एकच बाई एका कायद्यानं पीडित आणि दुसऱ्यानं गुन्हेगार. यातला कुठला कायदा आधी उघडायचा हे पोलिसांच्या हातात, आणि सवय मात्र प्रत्यारोपण कायद्याची.

आता हा कायदा चालवतो कोण, तेही बघू. कलम २२ नुसार न्यायालयानं या गुन्ह्याची दखल घ्यायची ती सक्षम प्राधिकाऱ्याच्या किंवा सरकारनं अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या तक्रारीवरच. सामान्य माणसाला तक्रार करायची तर आधी साठ दिवसांची नोटीस द्यायची आणि मग न्यायालयाची पायरी चढायची. गुडगावच्या २००८ च्या किडनी रॅकेटमधल्या आरोपींनी मुदतीत आरोपपत्र आलं नाही म्हणून जामीन मागितला, तेव्हा २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हाच मुद्दा स्पष्ट केला: हा विशेष कायदा आहे, इथं पोलिसांचं नेहमीचं आरोपपत्र चालत नाही, रीतसर तक्रारच लागते. त्या आरोपींना जामीन मिळाला नाही, ते एक बरं झालं. पण या तरतुदीमुळे किल्ली कुणाच्या कनवटीला राहते? आरोग्य खात्याच्या. रुग्णालयाला परवाना तेच देतात, समित्या त्यांच्याच व्यवस्थेतून बसतात, आणि समिती चुकली तर तक्रारही त्यांनीच करायची. आपल्याच सहीवर आपणच संशय घ्या, असं एखाद्या खात्याला सांगून काम होत नसतं. पुण्यात तक्रार झाली ती खातं जागं होतं म्हणून नव्हे. पैशांवरून भांडण पेटलं आणि ते झाकणं अशक्य झालं, तेव्हा झाली.

समितीपुढे येणारी फाईल कशी असते, ते एकदा जवळून पाहण्यासारखं आहे. नवरा-बायको असतील तर लग्नाचा दाखला, लग्नातला फोटो, मुलं किती आणि त्यांची वयं काय, मुलांचे जन्मदाखले, सगळ्या कुटुंबाचा एकत्र फोटो. नात्याबाहेरचा दाता असेल तर ओळख कशी झाली याचे पुरावे, जुने फोटो, दोन्ही बाजूंच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद. दोघांच्या सांपत्तिक स्थितीत ढळढळीत अंतर दिसलं तर समितीनं खोदून विचारायचं. २०१४ चे नियम खरोखर विचार करून लिहिलेत, हे कबूल करायला हवं. दाता स्त्री असेल तर जास्त काळजी घ्यावी आणि तिची ओळख व स्वतंत्र संमती रुग्णाव्यतिरिक्त दुसऱ्या माणसाकडून पडताळून घ्यावी, असंही त्यात आहे. म्हणजे कोल्हापूरच्या त्या बाईसारख्या बाईसाठी नियम आधीच तयार होता. पण कागद खरा की खोटा हे पाहायला समितीकडे काय आहे? डोळे आणि डॉक्टरकीचा अनुभव. सभासद रोज रुग्ण पाहणारे डॉक्टर, सरकारी अधिकारी, एखाददुसरी सामाजिक कार्यकर्ती. खोटा दाखला ओळखण्याचं शिक्षण यातल्या कुणाचं झालेलं नसतं. मोबाइलचं सिम कार्ड घ्यायचं तर सहसा यंत्रावर बोट टेकवून आपण आपणच आहोत हे सिद्ध करावं लागतं. किडनी द्यायला आलेल्या बाईची ओळख मात्र फाईलला टाचलेल्या झेरॉक्सवर भागू शकते.

शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची तक्रार असते की आम्ही टेबलावरचा रुग्ण बघायचा की त्याची लग्नपत्रिका. त्यात तथ्य आहे. ओळख ठरवणं हे सर्जनचं काम नाही, आणि समितीनं मंजूर केलेल्या कागदावर विसंबून काम केलं म्हणून त्याला हातकड्या घालायच्या, तर उद्या जिवंत दात्याची केस घ्यायला कुणी धजावणार नाही. त्याची झळ खऱ्या बायकांना, खऱ्या आयांना बसेल. माहीत असून डोळेझाक करणाऱ्यांची गोष्ट वेगळी, तिथं दया नको. पण माहीत होतं हे सिद्ध कोण करणार? परत तिथंच आलो. ज्या बाईला कुणी, कुठं, काय पढवून पाठवलं हे सांगता येईल, तिलाच आपण बाकाच्या पलीकडे उभं केलंय.

माझा एक मामा पुण्यात डायलिसिसवर होता. आठवड्यातून तीनदा, प्रत्येक खेपेला चार तास. आत माणसं यंत्राला जोडलेली आणि बाहेर बाकड्यांवर सांगली, सोलापूर, बार्शीहून आलेले नातेवाईक, डबे आणि फायली घेऊन. तिथं ओळख झाली की 'कुठले तुम्ही' च्या पाठोपाठ 'घरातलं कुणी आहे का' हा प्रश्न येतो. कशासाठी, ते सांगावं लागत नाही. डॉक्टरांनी प्रत्यारोपणाचा विषय काढला त्या दिवशी आमच्या घरात काय झालं ते मला स्पष्ट आठवतं. सगळ्यांनी एकदम मामीकडे पाहिलं. मामाला दोन धडधाकट भाऊ होते, ते खिडकीबाहेर पाहत होते. मामीचा रक्तगट जुळला नाही. मग बाकड्यावरच्या एकानं मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, 'डोनरचं बघायचं असेल तर एक जण आहे, पेपर सगळे तोच बसवून देतो.' धमकावणीचा सूर नव्हता, गुन्हा करतोय असा आवही नव्हता. एखादा चांगला वैद्य सुचवावा तसं. आम्ही त्या वाटेनं गेलो नाही, त्यात आमचा मोठेपणा फारसा नाही. तेवढे पैसे नव्हते.

मामीकडे वळलेल्या त्या नजरा आमच्याच घरच्या नव्हेत, हे आकडे सांगतात. २०२३ मध्ये देशातल्या जिवंत दात्यांत सुमारे ६३ टक्के स्त्रिया होत्या. आणि १९९५ ते २०२१ या काळातल्या साडेछत्तीस हजारांहून जास्त प्रत्यारोपणांत अवयव मिळालेल्या स्त्रिया सात हजारांच्याही आत. देणारी बाई, घेणारा पुरुष. म्हणून समितीपुढे एखादी 'पत्नी' येऊन बसली की कुणाला खटकत नाही. पत्नीनंच द्यायची असते! खोटी बायको उभी करणं दलालाला सोपं जातं, कारण खऱ्या बायकांची तीच रीत पडलीय. बनावट भाऊ उभा करायचा झाला तर त्याला जास्त घाम गाळावा लागेल. घरातल्या सक्तीचा प्रश्न स्वतंत्र आहे आणि मोठा आहे, त्यावर वेगळं लिहायला हवं.

मग एक गट म्हणतो, बंदी उठवा. जे चाललंय ते उघड करा, सरकारनं दर ठरवावा, दात्याला हक्काचे पैसे मिळू देत, दलाल आपोआप संपेल. इराणमध्ये १९८८ पासून अशी व्यवस्था आहे आणि तिचं उदाहरण नेहमी दिलं जातं. युक्तिवाद ऐकायला बरा वाटतो. पण विकणाऱ्याचं पुढं काय होतं ते आपल्याच देशात मोजून झालंय. चेन्नईत किडनी विकलेल्या ३०५ जणांचा अभ्यास २००२ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात आला. त्यातल्या ९६ टक्क्यांनी कर्ज फेडण्यासाठी किडनी विकली होती. काही वर्षांनी पाहिलं तर तीन चतुर्थांश लोकांच्या डोक्यावर कर्ज होतंच, घराचं उत्पन्न सुमारे एक तृतीयांशानं घटलं होतं, आणि बहुतेकांची तब्येत आधीपेक्षा ढासळली होती. विकणारे अंगमेहनतीवर जगणारे. पाटी उचलणाऱ्या, ऊसतोडीला जाणाऱ्या शरीरातून एक किडनी गेली की मजुरीही जाते, हे सांगायला अभ्यास कशाला हवा. दर सरकारी झाला म्हणून हे बदलणार नाही. उलट सावकाराच्या हातात एक तारण वाढेल. आज तो जमीन मागतो, घर मागतो. किडनी कायदेशीर वस्तू झाली तर ती मागायला त्याला कोण अडवणार? डिसेंबर २०२५ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्यानं सावकाराचं देणं भागवायला कंबोडियात जाऊन किडनी विकल्याचं प्रकरण गाजलं. बंदी असताना हे होतंय. बंदी नसताना काय होईल, याची कल्पना विदर्भातल्या कुठल्याही तलाठ्याला विचारा.

तेव्हा बंदी राहू द्या. विकत घेणं गुन्हा राहू द्या, रुग्णासाठीसुद्धा. त्याच्या अगतिकतेचा विचार न्यायाधीशांनी शिक्षा ठरवताना करावा. दलाल आणि सामील डॉक्टरांची शिक्षा आहे तशी राहू द्या. फक्त ज्याच्या शरीरातून अवयव गेला आणि ज्यानं दुसऱ्या कुणाला या धंद्यात ओढलं नाही, त्याला कलम १९ मधून बाहेर काढा.

यावर एक आक्षेप आहे आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. दात्याला अभय दिलं तर तो शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला ब्लॅकमेल करेल: आणखी पाच लाख दे, नाहीतर पोलिसांत जातो. मला काहीच होणार नाही, तू जाशील. हे होऊ शकतं. काही ठिकाणी होईलही. पण जरा उलटं बघा. विकत घेणाऱ्याच्या मनात ही भीती बसली, की आपल्याला किडनी देणारा माणूस आयुष्यभर कधीही जाऊन खरं सांगू शकतो, तर तो व्यवहार करताना दहादा विचार करेल, आणि दलालालाही 'एकदा झालं की विषय संपला' अशी हमी देता येणार नाही. बाजार अशा हमीवरच चालतो. शिवाय अभय सरसकट नको. ठरावीक मुदतीत स्वतःहून पुढं येऊन सगळं खरं सांगणाऱ्यालाच ते मिळावं. खंडणी मागून झाल्यावर आलेल्याला नको.

ही कल्पना आपल्या कायद्याला नवखी नाही. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात २०१८ मध्ये लाच देणंही थेट गुन्हा झालं, पण त्याच दुरुस्तीत लिहिलं की लाच द्यायला ज्याला भाग पाडलं गेलं त्यानं सात दिवसांत तक्रार केली तर तो गुन्हेगार नाही. दाखल्यासाठी कारकुनाला पाचशे रुपये देणाऱ्याची अडचण संसदेला कळली. किडनी देणाऱ्याची तिच्याहून मोठी अडचण कळायला काय हरकत आहे? सात दिवस पुरणार नाहीत हे खरं. शस्त्रक्रियेतून उठून माणूस गावी पोचेपर्यंतच तेवढे जातात. सहा महिने द्या, वर्ष द्या. कुणी म्हणेल, माफीचा साक्षीदार करण्याची सोय फौजदारी प्रक्रियेत आहेच की. आहे, पण त्यासाठी आधी आरोपी व्हावं लागतं, अटकेची टांगती तलवार सोसावी लागते, वकील गाठावा लागतो. गावाकडून दलालाच्या गाडीत बसून आलेली बाई 'मला माफीचा साक्षीदार करा' असा अर्ज कुठून देणार?

मेंदूमृत दात्यांकडून मिळणारे अवयव वाढले तर हा सगळा बाजार आपोआप आटेल, असं अवयवदानाचं काम करणारे सांगतात. बरोबरच सांगतात. २०१३ मध्ये देशात पाच हजारांच्या आत प्रत्यारोपणं होत होती, २०२३ मध्ये अठरा हजारांवर गेली, पण मृत्यूनंतर अवयव देणारे त्या वर्षीही हजाराच्या आसपासच. दहा लाख लोकसंख्येमागे एकही नाही. स्पेनमध्ये पन्नासच्या जवळ. पुण्याचं विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र आणि इथले समन्वयक या बाबतीत मनापासून काम करतात. आयसीयूच्या बाहेर कोसळलेल्या घरच्यांशी बोलणं किती कठीण असतं ते त्यांनाच ठाऊक. पण 'दान वाढवा' हे उत्तर दहा-वीस वर्षांचं आहे. यादीत नाव घालून थांबलेल्या माणसाला आज बाकड्यावरचा एक जण भेटतो, त्याचं काय करायचं हा प्रश्न आजचा आहे.

महाराष्ट्राच्या हातात यातलं किती आहे? वाटतं त्यापेक्षा कमी आणि वाटतं त्यापेक्षा जास्तही. आरोग्य राज्यांचा विषय असल्यानं १९९४ चा कायदा संसदेनं केला तो राज्यघटनेच्या कलम २५२ खाली, गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र या राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव करून मागितला म्हणून. त्यामुळे आता आपलं विधिमंडळ त्यात परस्पर काना-मात्राही बदलू शकत नाही. बदल संसदेनंच करायचा. पण तेव्हा मागणी करणाऱ्या पहिल्या राज्यांत आपण होतो, तर कलम १९ मध्ये दात्यासाठी अपवाद घालावा असा ठराव पुन्हा आपणच का करू नये? नागपूरच्या एका हिवाळी अधिवेशनातलं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आणि काही गोष्टींना संसदही लागत नाही. कलम २२ मध्ये 'राज्य सरकारनं अधिकार दिलेला अधिकारी' तक्रार करू शकतो असं आहेच. प्रत्येक पोलीस आयुक्तालयातल्या गुन्हे शाखेचा एक वरिष्ठ अधिकारी त्यासाठी नेमायला सरकारी अधिसूचना पुरते. म्हणजे समितीवर संशय आला तर समितीच्याच खात्याकडे तोंड करून बसावं लागणार नाही. दात्याची ओळख आधारवर बोट टेकवून पटवावी, आणि दाता जिल्ह्याबाहेरचा असेल तर त्याच्या गावच्या पोलीस पाटलाकडून किंवा तलाठ्याकडून नातं कळवून घ्यावं; पासपोर्टसाठी पोलीस घरी येतातच ना. शस्त्रक्रियेनंतर तीन महिन्यांनी दात्याला तपासणीसाठी परत बोलवावं, रुग्णाच्या घरच्यांना बाहेर बसवून, शक्यतो दुसऱ्या सरकारी रुग्णालयात. रक्तदाब, क्रिएटिनिन बघायचं निमित्त आहेच, आणि ते निमित्तही खरं आहे. देऊन झालेल्या माणसाकडे आपल्याकडे पुन्हा कुणी ढुंकून पाहत नाही. त्या खोलीत एखादी समाजसेवा अधीक्षक एवढंच विचारेल की पैशांचं काही बोलणं झालं होतं का. मात्र हा प्रश्न विचारण्याआधी, उत्तर दिल्यावर तिच्यावर गुन्हा दाखल होणार नाही, एवढी खात्री विचारणारीला स्वतःला असायला हवी. आजच्या कलम १९ मध्ये ती नाही.